बाडमेरच्या पुढे

दीनानाथ पानसे यांच्या खिडकीसमोर रांग लागली की रांगेतली माणसं आपोआप खिसे चाचपू लागत. पाकिटाला गोंद नीट लागलाय ना, पत्ता एका बाजूला कलला नाही ना, आपली सही आज नेहमीसारखीच येईल ना, असल्या शंका एरवी धडधाकट असलेल्या माणसालाही तिथे येत. साल एकोणीसशे एकोणसाठ. बुधवार पेठेतली एक अंधारी टपालकचेरी, तिच्यातली रजिस्टर पत्रांची खिडकी, आणि गजांमागे पानसे. वय तीस, पण बोलणं पेन्शन घेऊन दहा वर्षं झालेल्या माणसाचं. देश स्वतंत्र होऊन बारा वर्षं झाली, आता निदान एका खिडकीत तरी सगळं नियमाने चालावं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती, आणि ती त्यांनी आपल्या खिडकीपुरती पुरी केली होती.

सरुबाई पेठेत चार घरी भांडी घासायची. तिचा मुलगा फौजेत होता. त्याचं एक साधं पत्र कुठेतरी गहाळ झाल्यापासून तो रजिस्टरनेच पत्र पाठवी. पोस्टमन घरी जाई तेव्हा सरुबाई कोणाच्या तरी मोरीत असे, म्हणून पत्र परत खिडकीत येई आणि मागोमाग सरुबाई.

"सही करा," पानसे म्हणाले.

"सही कुठली वो. अंगठा हाय."

"अंगठ्याला साक्षीदार लागतो. लिहिता-वाचता येणारा."

"अंगठा माझाच हाय की. बगा, अजून हाताला हाय."

"तुमचाच आहे हे तुम्ही सांगून चालत नाही, बाई."

"मग कोन सांगनार? माझा अंगठा मलाच ठावं."

"तेच म्हणतो मी. दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सरुबाई साक्षीदार घेऊनच आली. ज्यांच्या घरी ती भांडी घासायची ते श्रीनिवासराव बेहेरे. पेठेतल्या विचारविनिमय मंडळाचे हे चिटणीस. मंडळात विचार बेहेऱ्यांचे असत आणि विनिमय इतरांनी करायचा असे. सही करता करता ते म्हणाले, "पानसे, हिचा अंगठा आमच्या भांड्यांवर रोज उठतो. तिथे साक्षीदार लागत नाही."

"भांडी रजिस्टर नसतात," पानसे म्हणाले आणि पुढचं पाकीट उचललं.

रांगेत कोणीतरी हसलं. पुण्यात असं उत्तर देता येतं. समोरचा ते विसरेल, अशी अपेक्षा मात्र ठेवता येत नाही.

अशा माणसाच्या डोक्यात वाळवंट शिरलं कसं, हे मंदाकिनीबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कधीच कळलं नाही. ते शिरलं शिक्क्यांतून. पाकिटांवरचे शिक्के वाचणं हा पानशांचा दिवसभराचा उद्योग. कुठल्याशा व्यापाऱ्याला येणाऱ्या पाकिटावर त्यांनी एकदा 'जेसलमेर' वाचलं आणि भिंगातून ते बराच वेळ बघत बसले. रविवारी सकाळी सायकलवरून वाघोलीपर्यंत जाऊन न्याहारीला परत यायचं, एवढीच त्यांची तोवरची चैन होती. त्या रविवारी ते परत आले आणि म्हणाले, "जेसलमेरला जाऊन यावं म्हणतो. सायकलने."

"तिथे काय आहे?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"वाळवंट."

"आणि वाळवंटात?"

"काही नाही."

"मग ते बघायला दोन महिने कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण रजा साठलेली होती, सायकल तेल पाजून तयार होती, आणि पानशांनी दोनशे पानांची एक वही पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. वाटेतल्या प्रत्येक गावच्या टपालकचेरीत त्या वहीवर तारखेचा शिक्का घ्यायचा. शिक्का नाही तर माणूस तिथे गेला नाही. यात त्यांना काही गंमत वाटत नव्हती. ते असंच जग बघत.

नोव्हेंबरात निघाले. मुंबई, सुरत, अहमदाबाद, पालनपूर. डिसेंबरच्या नऊ तारखेला बाडमेर. वहीत त्रेचाळीस शिक्के, सगळे सरळ, एकही पसरलेला नाही. बाडमेरच्या पोस्टमास्तरांनी चव्वेचाळिसावा मारला, आणि पुढचे पंचाण्णव मैल एखाद्या ट्रकमधून जावं असं आपुलकीने सुचवलं. "आगे रास्ता नहीं है," ते म्हणाले.

"रस्ता नहीं है तो चलेगा," पानसे म्हणाले, "सायकल है."

पहिल्याच दिवशी त्यांना कळलं की वाळवंटात सायकल हे वाहन नसून सामान आहे. चाक रुतायचं, ते उतरायचे आणि ढकलायचे. ढकलून भागेना की खांद्यावर घ्यायचे. जिथे जमीन कडक लागे तिथे काटे. ट्यूबमधलं भोक शोधायला पाणी नाही, म्हणून ट्यूब ओठांजवळ धरून हळूहळू फिरवायची आणि गार फुंकर कुठे लागते ते बघायचं. दोन दिवसांत ओठ असे फुटले की फुंकर कुठली आणि जळजळ कुठली, हेच समजेना. पेठेत ज्या माणसापुढे लोक सरळ उभे राहत, तो माणूस वाळूत फतकल मारून बसला आणि ट्यूबला म्हणाला, "सांग बाई आता तूच."

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन झोपड्यांची एक वस्ती लागली. बाप्ये जनावरं घेऊन कुठेतरी लांब गेलेले. एक म्हातारी होती आणि एक शेळी. म्हातारीचं नाव मैना, हे नंतर कळलं. पानशांनी पाणी मागितलं. तिने पितळेचा लोटा काठोकाठ भरून दिला.

अर्धा लोटा ते प्यायले. उरलेलं अर्धं पाणी बघून त्यांना जो आनंद झाला तो सायकलवाल्यालाच कळेल. त्यांनी पिशवीतली अॅल्युमिनियमची थाळी काढली, पाणी तीत ओतलं, ट्यूब बुडवली. बुडबुडे आले. पेन्सिलीने खूण झाली. आणि मग दर रविवारी घरच्या अंगणात पंक्चर काढल्यावर जे करत तेच त्यांच्या हातून झालं. त्यांनी थाळी उचलली आणि मनगटाला एक झोका देऊन पाणी लांब भिरकावलं.

वाळूवर ओला पट्टा उमटला. शेळी धावत आली. तिची जीभ टेकायच्या आत वाळूने तो पिऊनही टाकला होता. तरी शेळी कोरडी वाळू चाटत राहिली.

म्हातारी काही बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर पानशांचं पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं. तिने लोटा उचलून आत पाहिलं, डोक्यावर घडा घेतला आणि चालू लागली. "हम जाता है, हम लाता है," म्हणत पानसे मागे धावले, तेव्हा तिने हाताने बसायची खूण केली. एकाच दिवशी पाणीही गेलं आणि पाहुणाही हरवला, असं होऊ नये, इतकाच तिचा हेतू असावा. विहीर अडीच कोसांवर होती. ती परतली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. घडा उतरवून तिने पहिला लोटा भरला आणि तो पुन्हा पानशांच्याच हातात दिला.

तो लोटा त्यांनी कसा प्याला हे त्यांनाच ठाऊक.

आणि इतकं होऊनही पानसे ते पानसेच. निघताना त्यांनी वही काढली. आपण इथे आलो होतो हे कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं. म्हातारीला लिहिता येत नव्हतं. अंगठा तरी द्या, अशी त्यांनी खुणेने विनवणी केली. कागद बघून ती दोन पावलं मागे सरली. कागदावर अंगठा दिला की घरातलं काहीतरी जातं, एवढं तिला आयुष्याने शिकवलं असावं. पानसे हात जोडून उभे राहिले. ते काही हलेनात. शेवटी हा माणूस अंगठा घेतल्याशिवाय जायचा नाही, आणि गेला नाही तर आणखी पाणी लागेल, असा हिशेब करून तिने तव्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावली आणि तो वहीत उठवला. पानशांनी खाली लिहिलं: मैना. बाडमेरपासून अंदाजे चाळीस मैल. १२ डिसेंबर १९५९.

सोळा तारखेला जेसलमेरचा शिक्का पडला. तिथून ट्रकने जोधपूर आणि पुढे रेल्वेने पुणे. स्टेशनवर मंदाकिनीबाई त्यांना ओळखायला जरा थांबल्या. घरी आल्यावर पानशांनी पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर त्या पाण्याचं. सांगून झाल्यावर म्हणाले, "हे लोकांना सांगायला पाहिजे." 'चुकलो' असं म्हणायला इतका आतुर झालेला माणूस मंदाकिनीबाईंनी पूर्वी पाहिला नव्हता. या माणसाच्या बाबतीत तर नाहीच.

संधी चालून आली. विचारविनिमय मंडळाने सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र आणि सत्कारमूर्तींचं अर्धा तास भाषण. सन्मानपत्राचा मजकूर बेहेरे स्वतः लिहीत आणि तो लिहिण्यापूर्वी सगळे पुरावे तपासत. पानसे वही घेऊन त्यांच्या माडीवर गेले.

बेहेऱ्यांनी सगळी पानं उलटली. "पानसे, बाडमेरपर्यंत तुमचं काम चोख आहे. चव्वेचाळीस शिक्के. मग एकदम जेसलमेर. आणि मध्ये हा डाग कसला?"

"डाग नाही. अंगठा आहे."

"कोणाचा?"

"मैना म्हणून एक बाई आहे तिथे."

"साक्षीदार?"

पानशांनी वही आपल्याकडे ओढली.

"नाही, मी आपलं विचारतो. नियम तुम्हीच मला शिकवलात."

"तिथे लिहिता येणारं माणूस नव्हतं, बेहेरे. माणूसच नव्हतं."

"तुम्ही होतात की."

"मी स्वतःचाच साक्षीदार कसा होणार?"

"तेच म्हणतो मी," बेहेरे म्हणाले. "दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक पाहिजे." त्यांनी चष्मा पुसला. "शिवाय पंचाण्णव मैलांना सात दिवस. दिवसाला तेरा-साडेतेरा मैल. आमच्या मातोश्री पर्वती चढून उतरून एवढं करतात."

"मी खोटं बोलतोय असं म्हणणं आहे का तुमचं?"

"छे छे. आपण खोटं बोलणार नाही याबद्दल मंडळाची खात्री आहे. पण मंडळानेही बोलू नये, अशी लोकांची अपेक्षा असते." त्यांनी टाक बुडवून एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. "'बाडमेरपर्यंत सायकलने, व तेथून पुढे जेसलमेरपर्यंतही सायकलनेच प्रवास केला, असे त्यांचे म्हणणे आहे.' कसं वाटतं?"

पानशांची कानशिलं तापली. "म्हणणे आहे, हे कशाला? एक तर सरळ लिहा, नाहीतर काढून टाका."

"काढतो," बेहेरे म्हणाले आणि काढून टाकलं. पानशांनी आयुष्यात मागितलेली दुसरी कुठलीही गोष्ट त्यांना इतक्या तत्परतेने मिळाली नसेल. जिन्यापाशी पोचवायला आले तेव्हा बेहेरे म्हणाले, "भाषणही तेवढ्याच हद्दीत ठेवा बरं का. कागदात एक आणि तोंडात एक, असं नको."

पानशांना या अन्यायाची चीड यायला हवी होती. ती आलीही. पण रस्त्यावर दहा पावलं चालले आणि त्यांना धड चिडताही येईना. कारण खिडकीत बसून आपणही नेमकं हेच बोललो असतो, हे त्यांना ठाऊक होतं. बेहेरे सूड उगवत होते यात शंका नाही. पण तो अगदी नियमाने उगवत होते, आणि नियमाने केलेल्या गोष्टीला नावं ठेवायची पानशांना सवय नव्हती.

तरी मनाशी त्यांनी ठरवलं होतं, बोलायचं. सन्मानपत्रात नसेना का. समोर चारशे माणसं असतील, आपण बाडमेर ओलांडायचं आणि त्या लोट्यापाशी जाऊन थांबायचं.

सभागृह भरलेलं होतं. मंदाकिनीबाई दुसऱ्या रांगेत. पानसे बोलायला उभे राहिले आणि आश्चर्य म्हणजे छान बोलले. सुरतेला खानावळवाल्याने त्यांना आयकर अधिकारी समजून कसं फुकट वाढलं, पालनपूरला पोस्टमास्तर शिक्क्याची शाई वाळली म्हणून कसा रडकुंडीला आला. लोक हसत होते. पहिल्या रांगेत बेहेरे घड्याळ बघत होते. पंचविसाव्या मिनिटाला बाडमेर आलं. "तिथल्या पोस्टमास्तरांनी मला सांगितलं, पुढे रस्ता नाही," पानसे म्हणाले आणि दम घेण्यापुरते थांबले.

त्याच वेळी अध्यक्षांना खोकला आला. त्यांनी टेबलावरच्या तांब्यातून भांडंभर पाणी ओतून घेतलं, दोन घोट प्यायले, आणि उरलेलं मागच्या खिडकीतून बाहेर टाकलं. अगदी सहज. मनगटाला एक झोका देऊन.

चारशे माणसांत त्याकडे कोणाचंही लक्ष गेलं नाही. जायचं कारणही नव्हतं. पानशांनी त्या चारशे चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं. पाणी फेकलं, असं सांगितलं तर हे विचारतील, मग काय झालं? साक्षात भगवान शंकर त्यांच्यापुढे उभा केला तरी हे म्हणणार, साक्षीदार? आणि तो अंगठा हसण्यावारी गेला, तर ती म्हातारी पुन्हा एकदा अडीच कोस चालत जाणार.

"तर, बाडमेरला पोचलो," पानसे म्हणाले. "धन्यवाद." आणि बसले.

टाळ्या जोरात पडल्या. वेळेच्या आधी संपलेलं मंडळाच्या इतिहासातलं हे पहिलं व्याख्यान होतं. बेहेऱ्यांनी आभार मानताना त्याचा खास उल्लेख केला.

घरी जाताना मंदाकिनीबाई म्हणाल्या, "का थांबलात?"

"हद्द संपली."

"मी बसले होते ना तिथे. माझ्याकडे बघून सांगायचं."

"तुला सांगून झालंय," पानसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिडकीत सरुबाई. मुलाचं पत्र आलेलं. पानशांनी पाकीट हातात घेतलं, तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. राखेने भेगाळलेला, नखाशी काळा. असाच एक अंगठा त्यांच्या वहीत होता. पाकीट गजांतून सरकवायला हात पुढे गेला, अर्ध्यावर आला आणि थांबला.

"साक्षीदार," ते म्हणाले.

"बेहेरेसाहेब कोर्टात गेलेत. उद्या आनू का?"

मागे छत्री घेतलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांना घाई होती. "आणा इकडे, मी करतो सही," ते म्हणाले, आणि जन्मात जिला पाहिलं नव्हतं ती सरुबाई ही सरुबाईच असल्याची ग्वाही त्यांनी उभ्याउभ्या दिली. नियमात बसलं. पत्र मिळालं. पानसे त्या सहीकडे बघत राहिले. वाळवंटात असा एखादा घाईतला माणूस भेटला असता तर काम झालं असतं. खरेपणाचा काही प्रश्न नव्हता. छत्रीवाला हवा होता.

त्यानंतर माणूस मऊ होतो, असं सांगायला बरं वाटलं असतं. पानसे कडक झाले. पूर्वी ते नियम पाळत, आता ते तो वसूल करू लागले. माझ्या अंगठ्याला सवलत मिळाली नाही, मग तुमच्या का, असं ते तोंडाने म्हणत नसत. पण रांगेतल्या लोकांना ते ऐकू येई. खेड्यातून आलेल्या किती म्हाताऱ्या त्या खिडकीतून रिकाम्या हाती परत गेल्या, याची नोंद ठेवायचा नियम नव्हता. रविवारचं वाघोलीही बंद झालं. सायकल घर ते कचेरी एवढीच चाले.

मुलगी नीरजा दहा वर्षांची असताना शाळेत सांगून आली, माझ्या बाबांनी सायकलवरून वाळवंट ओलांडलं. बाईंनी कौतुकाने सन्मानपत्र आणायला सांगितलं. ते आणलं, वर्गात वाचलं गेलं, आणि संध्याकाळी नीरजा दारातच उभी राहिली. "बाबा, तुम्ही वाळवंटात गेलाच नव्हतात?"

"कागदात काय लिहिलंय?"

"बाडमेर."

"मग तेवढंच."

मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. त्या रात्री जेवताना त्यांनी वाढलं, पण कोणाला काय हवं ते विचारलं नाही.

पानसे सत्त्याऐंशी साली निवृत्त झाले. बेहेरे त्याआधीच वारले होते. सरुबाईचं काय झालं कळलं नाही.

दोन हजार चार साली हिवाळ्यात एक मुलगी घरी आली. पद्मजा तिचं नाव, कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीत होती. डोक्यावर हेल्मेट, दारात गिअरची सायकल. पानसे पंचाहत्तरीचे. मंदाकिनीबाईंनी चहा टाकला.

"काका, अॅक्चुअली आमचा सायकलिंगचा ग्रुप आहे," पद्मजा म्हणाली. "यंदा आम्ही बाडमेर टू जेसलमेर करतोय. डेझर्ट राइड. त्यानिमित्त पुण्यातल्या जुन्या सायकलिस्ट्सचं एक छोटं पुस्तक काढतोय. कोणीतरी म्हणालं की तुम्ही हा स्ट्रेच फिफ्टी-नाइनमध्ये सोलो केला होता. खरं का?"

पानशांनी चष्मा काढून हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, "पुरावा काय मागता तुम्ही?"

"पुरावा? छे हो. तुम्ही सांगा, आम्ही लिहितो. तुमच्यावर डाउट कोण घेणार?"

इतकं सोपं होतं ते. पंचेचाळीस वर्षांनी कोणीतरी दारात येऊन, चहा पिता पिता, काही न मागता पंचाण्णव मैल परत द्यायला तयार होतं. मंदाकिनीबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"अहो, सांगा ना तिला."

"काय सांगू?"

"त्या बाईचं. पाण्याचं."

"कुठलं पाणी, काकू?" पद्मजाने विचारलं.

पानशांनी तिलाच विचारलं, "तुम्ही पाणी किती नेणार?"

"व्हॅन असते ना मागे. कॅनच्या कॅन असतात. आंघोळी नाही करता येत, बाकी सगळं होतं."

"आणि पंक्चर झालं तर?"

"ट्यूब बदलतो. पाण्यात बुडवत कोण बसतं आता?"

पानशांनी मान हलवली. सांगितलं असतं तर हिने ऐकलं असतं, लगेच विश्वास ठेवला असता, आणि दोन ओळींत छापलंही असतं. पण नुसतं सांगून चालत असेल, तर सरुबाईनेही खिडकीत उभं राहून सांगितलंच होतं. तिच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. आता चालतं असं म्हटलं की तेव्हा न चालवलेलं सगळं अंगावर येणार होतं. एवढी माणसं परत बोलावून आणायला त्यांच्याकडे खिडकीही उरली नव्हती.

"मी बाडमेरपर्यंतच गेलो होतो," ते म्हणाले.

"शुअर, काका? कारण ते म्हणाले की..."

"ते चुकले असतील. पुढे ट्रक जातात."

"खोटं आहे हे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. पद्मजाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हातारपणी असं व्हायचंच, अशा समजूतदार चेहऱ्याने पिशवीतून एक छापील कागद काढला. नाव, वर्ष, प्रवास. तिने तो तिथेच भरला. "खाली फक्त एक सही द्या, काका. माहिती बरोबर आहे म्हणून."

मंदाकिनीबाई आत निघून गेल्या. चहाची भांडी तिथेच राहिली.

पानशांनी चष्मा लावला. मजकूर पहिल्या अक्षरापासून वाचला. 'पुणे ते बाडमेर' याच्या पुढे ओळीत बरीच जागा मोकळी राहिली होती. तिथे नंतर कोणी काही लिहू नये म्हणून त्यांनी एक आडवी रेघ ओढून ती बंद केली, आणि खाली पूर्ण नावाने, तारखेसह, सही केली.